झाडीपट्टीचे नाटक आणि रविवारची उपासना

भाऊबीज उलटली की भंडारा जिल्ह्यात मंडयांचा हंगाम सुरू होतो. शेजारपाजारच्या गावांच्या मंडया एकाच दिवशी येऊ नयेत असा बेत ठेवून दिवस धरले जातात, लेकी-जावई आणि सोयरे घरी उतरतात, दिवसा बाजार भरतो, दंडार हे लोकनाट्य खेळले जाते आणि रात्री नाटक असते. हे नाटक नऊ-दहाला सुरू होऊन पहाटेपर्यंत चालते. धानाच्या कापणी-बांधणीने शिणलेली माणसे, कडेवर पोर घेतलेल्या बाया, म्हातारीकोतारी, सारे थंडीत चादरी पांघरून बसतात आणि शेवटचा पडदा पडेपर्यंत हलत नाहीत. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांतल्या झाडीपट्टीची ही रंगभूमी होळीच्या सुमारापर्यंत गावोगाव फिरत राहते. भंडारा जिल्ह्यातल्या लाखांदूरपासून जवळच असलेले वडसा, म्हणजे गडचिरोली जिल्ह्यातले देसाईगंज, हे तिचे ठाणे. हंगामात नाट्यमंडळे तिथे फलक लावून बसतात आणि गावोगावचे लोक तिथे जाऊन आपल्या मंडईचे नाटक ठरवतात. २०२३ मध्ये या रंगभूमीवरचे ज्येष्ठ नट परशुराम खुणे यांना पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा त्यांच्या नावावर पाच हजारांहून अधिक प्रयोग होते. म्हणजे पाच हजार वेळा कोणत्या ना कोणत्या गावाने आपली अख्खी रात्र विश्वासाने त्यांच्या आणि त्यांच्या सोबत्यांच्या हवाली केली होती.

त्याच भंडारा जिल्ह्यात रविवारी सकाळी ख्रिस्ती मंडळ्यांची उपासना भरते. बारा लाखांच्या वस्तीत हा समाज अगदी मूठभर आहे. स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी १८४५ मध्ये नागपूरला आला, पुढे त्या मिशनचे काम वैनगंगेकाठच्या भंडाऱ्यापर्यंत पोचले, आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरातच सहा पंथ एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. या प्रवासात उपासनेचा एक क्रम रुजला: गीत, प्रार्थना, शास्त्रपाठ, पुन्हा गीत, उपदेश, दान, आशीर्वाद. क्रमात खोट नाही. तो शतकांच्या अनुभवातून घडलेला आहे. पण अनेक ठिकाणी तो क्रम पार पाडला जातो, आखला जात नाही. कोणती गीते घ्यायची हे पहिली घंटा झाल्यावर ठरते, शास्त्रपाठ कोण वाचणार हे वाचायची वेळ आली की कळते, पेटीवाला सूर शोधत असतो, वाचणारा पान शोधत असतो आणि लोक वाट पाहत असतात. दीड तासाच्या उपासनेत लक्ष विसाव्या मिनिटाला सुटते आणि सहा तासांच्या नाटकात ते पहाटेपर्यंत टिकते, ही तफावत लोकांच्या भक्तीतील उणिवेने समजावता येत नाही. माणसे तीच आहेत. माझे म्हणणे असे की चर्चने झाडीपट्टीकडून शिकावे, आणि शिकायचे ते रंगीत दिवे किंवा मोठे आवाज नव्हेत. अवधान कसे बांधावे, कसे वाहून न्यावे आणि कुठे उतरवावे, ही जी आखणीची विद्या या रंगभूमीने कमावली आहे, ती शिकण्याजोगी आहे. मात्र ती विद्या चर्चला नाटकाच्या उलट दिशेने वापरावी लागेल, आणि सगळी अडचण तिथेच आहे.

आधी ती विद्या काय आहे ते पाहू. झाडीपट्टीचे नाटक बहुधा कौटुंबिक किंवा सामाजिक असते: हुंडा, दारू, सावकारी, भावाभावांतली वाटणी, शेतकऱ्याची कोंडी. विषय जड, म्हणून जड प्रसंगानंतर विनोदी पात्र येते आणि प्रेक्षकाला श्वास घ्यायला जागा मिळते. विनोद फार लांबायच्या आत गाणे येते, गाण्यासोबत नाच येतो, आणि लोक पुन्हा ताजे झाले की कथेचा पुढचा घाव बसतो. गाण्याला साथ करणारे वादक समोर हजर असतात. ते नटाच्या श्वासाकडे पाहून वाजवतात, त्यामुळे संवाद कुठे संपला आणि सूर कुठे लागला यात फट पडत नाही. मंचावर वरून टांगलेले ध्वनिवर्धक, मोठा स्वर, ठसठशीत हालचाल, हे शहरी समीक्षकाला भडक वाटते. पण ते सगळे एका ठाम निर्णयातून आले आहे. पैसे सर्वांत मागे बसलेल्या म्हातारीनेही दिले आहेत, आणि तिला प्रत्येक शब्द ऐकू आला पाहिजे. नाटक मागच्या ओळीसाठी बसवले जाते. पुढच्या ओळीला ते आपोआप पोचते. आपल्या बहुतेक उपासना याच्या उलट, पुढच्या दोन बाकांसाठी चालतात. तिथे गायनसंघ, पंच आणि त्यांची कुटुंबे असतात, त्यांना गीते पाठ असतात, आणि सारे सुरळीत चालले आहे असे पाळकाला वाटत राहते. दाराजवळ बसलेली बाई, जी कदाचित पहिल्यांदाच आली आहे, तिला कोणते पान उघडायचे हेही कोणी सांगितलेले नसते.

या रंगभूमीवर आणखी एक माणूस असतो, त्याचे नाव फारसे कोणी विचारत नाही: प्रॉम्प्टर. रोज वेगळे गाव, वेगळे नाटक, कधी बाहेरून आलेला पाहुणा नट, आणि तालमी अनेकदा मोजक्याच. अशा प्रयोगात आडोशाला बसून पुढचे वाक्य पुरवणारा प्रॉम्प्टर हा नाटकाचा कणा असतो. अख्खे नाटक त्या रात्री डोक्यात असलेला तो एकटाच. नटाला आपली भूमिका ठाऊक असते, वादकाला आपले गाणे; प्रॉम्प्टरला कोण कुठून येणार, कोण कुठे अडखळणार आणि कुठे थांबणे जाणूनबुजून आहे, हे सारे ठाऊक असते. तो टाळ्यांसाठी बसलेला नसतो. त्याचे काम चांगले झाले तर तो आहे हेच कोणाला कळत नाही.

गंमत अशी की उपासनेचे सर्वांत नेमके वर्णन करताना एका ख्रिस्ती तत्त्वज्ञाला हाच माणूस आठवला. कोपनहेगनचा सोरेन किर्केगार्द याने १८४७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवचनांत एक दृष्टांत मांडला. लोक चर्चमध्ये नाटक पाहायला आल्यासारखे बसतात: उपदेशक हा नट, आपण प्रेक्षक, आणि घरी जाताना नटाचे काम कसे झाले याची चर्चा. किर्केगार्द म्हणतो, ही मांडणीच चुकली आहे. उपासनेत नट आहेत ते बाकांवर बसलेले लोक. उपदेशक हा फक्त प्रॉम्प्टर, तो त्यांना शब्द पुरवतो. आणि प्रेक्षक आहे देव. हा दृष्टांत युरोपातल्या वाचकाला समजावून सांगावा लागत असेल. झाडीपट्टीत तो समजवावा लागणार नाही. इथल्या माणसाला प्रॉम्प्टर म्हणजे काय, तो नसला तर रात्रीचा कसा विचका होतो आणि तो स्वतःच मंचावर येऊन सगळे संवाद म्हणू लागला तर काय होईल, हे पुरते माहीत आहे. आपल्या अनेक उपासनांत नेमके तेच घडते. सुरुवातीचे वचन पाळक म्हणतो, प्रार्थना पाळक करतो, कबुलीही पाळकच म्हणतो, उपदेश त्याचा, सूचना त्याच्या, आशीर्वाद त्याचा. लोकांच्या वाट्याला उठणे, बसणे आणि आमेन उरते. म्हणून मनोरंजनाच्या जगाकडून चर्चने काय घ्यावे या प्रश्नाचे माझे उत्तर नटाकडे किंवा दिग्दर्शकाच्या कीर्तीकडे बोट दाखवत नाही. आडोशाच्या त्या माणसाकडे दाखवते.

उपासना म्हणजे करमणूक नव्हे, हा आक्षेप इथे येणारच, आणि तो हलक्याने घेण्यासारखा नाही. करमणुकीच्या नियमांनी उपासना उभारण्याचा सर्वांत मोठा प्रयोग अमेरिकेत झाला. शिकागोजवळची विलो क्रीक मंडळी १९७५ मध्ये भाड्याच्या सिनेमागृहात भरू लागली. तिचे नावही त्या सिनेमागृहाचेच. चर्चला कंटाळलेल्या माणसाला काय रुचेल याचा विचार करून तिथे नाट्यप्रवेश, आधुनिक वाद्यवृंद आणि नेटके, वेळेत संपणारे कार्यक्रम आखले गेले. हजारो लोक येऊ लागले आणि जगभरातल्या चर्चनी त्यांची नक्कल केली. पण २००७ मध्ये त्याच मंडळीने आपल्या लोकांची पाहणी करून तिचे निष्कर्ष पुस्तकरूपाने उघडपणे मांडले, आणि ते त्यांनाच अस्वस्थ करणारे होते. चर्चच्या कार्यक्रमांतला सहभाग वाढला म्हणजे देवावरचे आणि माणसांवरचे प्रेम वाढतेच, असे त्यांना आढळले नाही. एवढा प्रामाणिक कबुलीजबाब देणाऱ्यांबद्दल मला आदर वाटतो. त्यातून कळते ते असे की त्यांनी मोठ्या मनोरंजनाची कारागिरी घेतली आणि तिच्यासोबत तिची बैठकव्यवस्थाही घेतली: अंधारात बसलेला प्रेक्षक आणि उजेडातला मंच. कारागिरी उत्तम वठली, म्हणून प्रेक्षकही उत्तम घडला. उपासक घडायचा राहून गेला.

याच धोक्याची दुसरी बाजू आपल्या मंडयांत दिसते. अलीकडे काही गावे नाटकाऐवजी ‘डान्स हंगामा’ ठेवतात. मोठे ध्वनिक्षेपक, चमकते दिवे, कथा नाहीच. नाटकवाल्यांनी तोडीस तोड नाच वाढवून हे आव्हान पेलायचे म्हटले तर ते हरणारच, कारण नुसत्या गोंगाटाच्या स्पर्धेत कोणीतरी अधिक मोठा भोंगा घेऊन येतोच. झाडीपट्टीचे नाटक टिकले आहे ते हंगाम्याकडे नसलेल्या गोष्टीवर, म्हणजे माणसाच्या घरातले दुःख ओळखून सांगितलेल्या कथेवर. चर्चने मनोरंजनाच्या झगमगाटाशी शर्यत लावली तर तिचेही तेच होईल. ज्या मुलाच्या हातातल्या मोबाइलवर जगातले सर्वांत महागडे कार्यक्रम आहेत, त्याला भंडाऱ्यातल्या मंडळीचा वाद्यवृंद दिपवू शकत नाही, आणि दिपवण्याची गरजही नाही. त्या मोबाइलवर न मिळणारी एक गोष्ट रविवारी मिळू शकते: आपला स्वतःचा आवाज इतरांच्या आवाजात मिसळणे.

ही केवळ भावुक कल्पना नाही. ऑक्सफर्डमधील संशोधकांनी रॉबिन डनबार यांच्यासोबत केलेला आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की प्रौढांच्या नव्या वर्गांमध्ये हस्तकला किंवा लेखन शिकणाऱ्यांपेक्षा एकत्र गाणाऱ्यांत जवळीक फार लवकर निर्माण झाली. इतर वर्गही शेवटी तिथे पोचले, पण गाणाऱ्यांना वेळ कमी लागला. स्वीडनमधल्या योटेबोरी इथे २०१३ मध्ये झालेल्या दुसऱ्या अभ्यासात एकत्र गाणाऱ्यांच्या हृदयाची गती एकमेकांशी जुळताना दिसली, कारण गाण्याची ओळ श्वासाला शिस्त लावते आणि श्वास हृदयाला. आता व्यवहारात पाहा. हा परिणाम गाणाऱ्याला मिळतो, ऐकणाऱ्याला त्या मानाने फार थोडा. म्हणजे गायनसंघाने लोकांना पेलणार नाही अशा उंच पट्टीत, अनोळखी चालीत गायले, किंवा ध्वनिक्षेपक इतका मोठा ठेवला की शेजाऱ्याचा आवाज ऐकू येईना, तर कार्यक्रम सुरेख होईल पण उपासनेचे मूळ कामच थांबेल. नाटकाचा ध्वनियोजक मंचावरचा आवाज मागच्या ओळीपर्यंत नेतो. चर्चच्या ध्वनियोजकाने मागच्या ओळीचा आवाज पुढे ऐकू येतो की नाही हे तपासावे. पट्टी दोन सूर खाली आणणे, नवे गीत आठवडाभर आधी शिकवणे, शेवटचे कडवे पेटीशिवाय नुसत्या कंठांवर सोडणे, याला पैसा लागत नाही. आधी बसून विचार करणे लागते.

आवाजाचाच विषय निघाला आहे तर इमारतीबद्दलही बोलले पाहिजे, कारण आपल्याकडे तिचा विचार जवळपास होतच नाही. मिशनच्या काळातल्या कित्येक चर्चना उंच छत, दगडी किंवा विटांच्या भिंती आणि कठीण फरशी आहे. अशा जागेत शब्द घुमतो. पहिला शब्द विरण्याआधी दुसरा त्याच्यावर पडतो. १८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातल्या एका नव्या व्याख्यानगृहात हीच तक्रार आली, तेव्हा वॉलेस सॅबाइन या तरुण प्राध्यापकाने शेजारच्या सँडर्स नाट्यगृहातल्या बाकांवरच्या गाद्या रात्री उचलून आणल्या आणि किती गाद्यांनी घुमणे किती कमी होते ते मोजले. रिकाम्या व्याख्यानगृहात आवाज साडेपाच सेकंद रेंगाळत होता. त्या मोजमापांतून वास्तुध्वनिशास्त्र उभे राहिले. माणसाचे शरीर आणि कपडेही आवाज शोषतात, हे त्यात सिद्ध झाले. याचा अर्थ असा की दोनशे जणांसाठी बांधलेल्या चर्चमध्ये चाळीसच माणसे विखरून बसली तर उपदेश अधिक घुमतो आणि गाणे अधिक विरळ होते. चाळिसांना एकत्र, जवळ बसवणे, मागच्या भिंतीवर जाड पडदे लावणे आणि बोलणाऱ्याने वाक्यांमध्ये थांबणे, एवढ्याने उपासना पालटते. उघड्या मैदानात हजारोंपर्यंत शब्द पोचवणाऱ्या नाट्यमंडळाचा ध्वनियोजक हे सांगायला आला तर एका दुपारीत सांगून जाईल.

हे सगळे परक्याकडून उसने घेणे आहे काय? मराठी ख्रिस्ती परंपरेचा इतिहास तसे म्हणत नाही. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये ‘ख्रिस्तपुराण’ छापले, ते अकरा हजारांच्या आसपास ओव्यांचे, आणि ते चर्चमध्ये लोकांसमोर मोठ्याने वाचले जाई. पुराणश्रवणाला बसणाऱ्या समाजाचे अवधान कोणत्या लयीत चालते हे त्या इंग्रज जेजुइटाने ओळखले होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्यांत ख्रिस्ती कीर्तने होऊ लागली. नारायण वामन टिळक १८९३ च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावला रेल्वेने जात असताना एका युरोपीय प्रवाशाशी त्यांची गाठ पडली आणि नवा करार त्यांच्या हाती आला, ही गोष्ट मराठी वाचकाला ‘स्मृतिचित्रे’मुळे माहीत आहे, आणि तो लोहमार्ग भंडारा जिल्ह्यातूनच जातो. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर टिळकांनी गीतांचा जो ठेवा दिला, त्यात मराठी माणसाच्या कंठाला बसणारी अभंगाची लय आहे. आणि नारदीय कीर्तनाची रचना पाहिली तर आखणीचा तो नमुनाच आहे. नमन, मूळ पद, पूर्वरंगातले निरूपण, मग सगळ्यांच्या मुखी नामाचा गजर, उत्तररंगातले आख्यान, शेवटी पुन्हा मूळ पदाकडे येणे आणि आरती. एकच सूत्र, पण ते पुढे नेणारी साधने सतत बदलतात: बोलणे, गाणे, कथा, आणि श्रोत्यांनी उचललेले ध्रुपद. कीर्तनकार रंगमंचाची सारी कला वापरतो, तरी दर थोड्या वेळाने सूर श्रोत्यांच्या हाती देतो. नाटक आणि उपासना यांच्यामध्ये जी वाट शोधायची म्हणतो, ती मराठी माणसाने पूर्वीच तुडवलेली आहे.

विदर्भात तर याहून जवळचा दाखला आहे. तुकडोजी महाराजांच्या खंजिरी भजनाला अफाट गर्दी लोटत असे, आणि तरी त्यांनी गावागावांसाठी मागे ठेवली ती सामुदायिक प्रार्थना. ठरलेली वेळ, सरळ रांगा, सर्वांना पाठ असलेले शब्द, आणि पुढारी नसला तरी चालणारी रीत. भंडारा जिल्ह्यातल्या कितीतरी खेड्यांत गुरुदेव सेवा मंडळाचे लोक ती आजही म्हणतात. लोकप्रियतेच्या शिखरावर असलेल्या माणसाने आपल्याशिवाय चालेल अशी उपासना आखून द्यावी, हे चर्चच्या पुढाऱ्यांनी फार गंभीरपणे घेतले पाहिजे.

आणखी एक आक्षेप प्रार्थनेत मोकळेपणा जपणाऱ्या मंडळ्यांकडून येतो: सगळे आधीच ठरवले तर पवित्र आत्म्याला जागा कुठे? प्रश्न मनापासूनचा आहे. पण आखणी आणि उत्स्फूर्तता यांना शत्रू मानण्याचे कारण नाही. करिंथच्या मंडळीत प्रत्येक जण आपल्याला स्फुरलेले एकाच वेळी बोलू लागला, तेव्हा पौलाने स्फूर्ती थांबवायला सांगितले नाही. दोघांनी किंवा तिघांनी, एकामागून एक बोलावे आणि बाकीच्यांनी ऐकावे असा क्रम घालून दिला. झाडीपट्टीतला विनोदी नटही संहितेबाहेर जातो, गावातल्या सरपंचाचे नाव घेतो, समोरच्या पोराशी दोन शब्द बोलतो. त्याला ते जमते, कारण परत कुठे यायचे हे त्याला आणि प्रॉम्प्टरला माहीत असते. आखणी नसलेल्या उपासनेत मोकळी जागा आत्म्याच्या वाट्याला क्वचितच येते. ती भरून काढतात सवयीची वाक्ये, लांबलेल्या सूचना आणि ज्याला बोलायची हौस आहे तो माणूस.

आमची मंडळी लहान आहे, हे मोठ्या कंपन्यांचे शास्त्र आम्हाला काय कामाचे, असेही कोणी म्हणेल. जर्मनीतले ओबरअमरगाऊ हे सुमारे पाच हजार वस्तीचे डोंगरी गाव. १६३३ च्या प्लेगमध्ये गावाने नवस केला, आणि १६३४ पासून तिथले लोक ख्रिस्ताच्या दुःखसहनाचे नाटक करत आले आहेत, बहुतेक वेळा दर दहा वर्षांनी. २०२० चा प्रयोग महामारीमुळे २०२२ मध्ये झाला. गावात जन्मलेला किंवा वीस वर्षे राहिलेलाच त्यात काम करू शकतो, आणि दोन हजारांच्या आसपास लोक मंचावर आणि मागे राबतात. ते मोठे झाले ते लोकांच्या वाट्याला कामे आल्यामुळे. आपल्या दंडारीचा प्राण हाच आहे. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीसोबत तिचाही ध्यास घेऊन अभ्यास केला. दंडार खेळणारी माणसे गावातलीच, पाहणारी गावातलीच, आणि पुढच्या वर्षी पाहणाऱ्यातला पोरगा खेळणाऱ्यांच्या ओळीत उभा असतो. चाळीस माणसांच्या मंडळीत दर रविवारी पंधरा जणांना काहीतरी काम असू शकते: दारात स्वागत, वचन वाचणे, गीत उचलणे, आजाऱ्यांची नावे घेऊन प्रार्थना, दिवा, भाकर, पाणी. मोठ्या मंडळीला हे प्रमाण कधी गाठता येणार नाही. लहानपण ही या बाबतीत सोय आहे.

याची कसोटी घ्यायची तर ती साध्या रविवारी घेऊ नये, उत्तम शुक्रवारी घ्यावी. दुपारी बारा ते तीन, वधस्तंभावरची सात वाक्ये, आणि बहुधा सात वक्ते. मराठी मंडळ्यांतली ही सर्वांत लांब उपासना, आणि तिची कथा कोणत्याही नाटकापेक्षा भेदक. तरी चौथ्या वाक्यापर्यंत लोक थकतात, कारण सातही वक्ते आपण एकटेच बोलणार आहोत अशा तयारीने येतात. प्रत्येक जण गेथशेमानेपासून सुरुवात करतो, आणि दोन वाक्यांमध्ये एकसारखे गीत आणि एकसारखी प्रार्थना येते. झाडीपट्टीचा नाटककार हा आराखडा हाती घेऊन पहिल्यांदा विचारेल, सर्वांत जड प्रसंग कोणता आणि त्याआधी लोकांना श्वास कुठे देणार? उत्तर उघड आहे: चौथे वाक्य, देवाने सोडून दिल्याचा आक्रोश. म्हणजे तिसरे वाक्य, आईला शिष्याच्या स्वाधीन करण्याचे, हळुवार आणि छोटे हवे. ते एखाद्या वयस्क बाईने वाचावे आणि त्यावर भाषण नकोच. चौथ्यानंतर गीत नको, दोन मिनिटे पूर्ण शांतता हवी, आणि ती शांतता आहे, कोणी काही विसरलेले नाही, हे लोकांना आधी सांगून ठेवलेले हवे. पाचवे, तहानेचे वाक्य एका ओळीत संपावे. सगळ्यांना महिनाभर आधी एकत्र बसवून कोणी काय सांगायचे आणि काय सोडायचे हे ठरवावे, जे बोलणार आहेत त्यांना फार तर आठ मिनिटे द्यावीत, आणि एका माणसाला या तीन तासांत काहीही न बोलण्याचे काम द्यावे. त्याने फक्त सगळा क्रम डोक्यात ठेवायचा, वाचणाऱ्याला वेळेवर उभे करायचे, पेटीवाल्याला खूण करायची.

शेवटाचा विचार वेगळा करावा लागतो. डॅनिएल कानेमन आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये एक प्रयोग केला. लोकांनी हात एकदा मिनिटभर १४ अंश गार पाण्यात धरला, आणि दुसऱ्यांदा तेवढेच मिनिट धरून पुढे अर्धा मिनिट किंचित कमी गार पाण्यात. पुन्हा कोणता अनुभव घ्याल असे विचारल्यावर बहुतेकांनी जास्त वेळचा निवडला, कारण त्याचा शेवट सौम्य होता. आठवणीत लांबी राहत नाही, शिखर आणि शेवट राहतो. आपल्याकडे उपासनेचा शेवट अनेकदा सूचनांनी होतो: सभासद वर्गणी, पुढच्या सभेची वेळ, हरवलेली छत्री. उत्तम शुक्रवारच्या सूचना फलकावर लिहाव्यात. सातवे वाक्य झाल्यावर आशीर्वादाऐवजी टिळकांचे एखादे सर्वांना पाठ असलेले गीत पेटीशिवाय म्हणावे, आणि त्यानंतर कोणीही ध्वनिवर्धकाला हात लावू नये. झाडीपट्टीचा हंगाम तोवर संपत आलेला असतो, नाट्यमंडळांची माणसे गावी परतलेली असतात. त्यांच्यातल्या एखाद्या मुरलेल्या प्रॉम्प्टरला मार्चमध्येच बोलावून हा आराखडा दाखवावा, आणि तो कुठे कुठे बोट ठेवतो ते लिहून घ्यावे.